मोहाखालून गेलेली रेघ

प्रेमलालचा फायदा साधा होता. नाल्याकाठची धानाची दोन एकर बांधी, तिच्याभोवतीचं तारेचं नवं कुंपण, आणि ते न उपटण्याची मुभा. कान्हा आणि पेंचच्या मधल्या जंगलाचे तुटके तुकडे जोडायला वनखातं जनावरांच्या येण्याजाण्याचा पट्टा आखत होतं. पट्ट्यात तार चालणार नव्हती. पहाटे माणसानं फिरायचंही नव्हतं.

म्हणून वन समितीच्या या अध्यक्षानं सर्व्हेच्या मयुरी मॅडमला नाल्याकडे फिरकूच दिलं नाही. टेकडीवर नेलं, म्हाताऱ्या शेवंताबाईच्या सात मोहांखाली. "जनावर इकडूनच जाते, मॅडम." नकाशावर रेघ पडली. मोहफुलं पहाटेच वेचावी लागतात. ऊन चढेपर्यंत जनावरं काही ठेवत नाहीत. म्हणजे म्हातारीचा हंगाम बुडाला.

समितीच्या बैठकीत तिनं टोपलीभर चितळाच्या लेंड्या आणल्या आणि सरळ मॅडमसमोरच्या नकाशावर ओतल्या.

"काहून रे प्रेमलाल, ह्या कोनाच्या बांधीजवळच्या व्हय?"

"बकरीच्या असतीन, काकी. टेबल खराब नको करू."

"बकरी अन् चितळ समजत नाही, अन् अध्यक्ष झाला! तुह्या तारेपाशी पडल्या होत्या. तिथंच अडून राह्यतेत जनावरं."

"मले शिकवून राह्यली का?"

"दुसरं कोन शिकवन? बायको तं बोलत नाही तुह्यासंगं."

सगळे हसले. प्रेमलालचे कान तापले. "मंग तुह्या मोहाखाली चितळ येतच नाही, असं म्हन ना!"

इथं गप्प बसली असती तर जिंकली असती. पण वीस वर्षं चितळांच्या आधी झाडाखाली पोहोचणारी बाई ती. एवढं ऐकून कशी घेईल?

"येत नाही? बारा-बारा येतेत! माह्या मोहाखाली चरतेत अन् तुह्या नाल्यानं वापस जातेत!"

मयुरी मॅडमनं नकाशा झटकला. "बस, यही तो चाहिए था. चरायची जागा ही, जायची वाट ती. दोन्ही पट्ट्यात."

"अन् मी फुलं कवा वेचू?"

"सूरज निकलने के बाद, अम्मा."

आठवड्यात तार निघाली. चैतात शेवंताबाईनं सात झाडांची फुलं चितळांना चारली, कार्तिकात प्रेमलालनं दोन एकर धान. मॅडमची पेन्सिल तेवढी झिजली.