अक्काताईची इर्जिक

इर्जिकीला भरमू नसला तर जेवणात मीठ पडल्यासारखं वाटत नाही, असं उचगावच्या आसपास लोक म्हणायचे. हे मी माझ्याच तोंडानं सांगतो, कारण तो भरमू मी. लाज वाटण्याचं माझं वय गेलं.

इर्जिक म्हणजे गावानं मिळून केलेली नांगरट. ज्याचं रान एकट्यानं उरकत नाही तो घरोघर सांगून येतो. मग ठरल्या दिवशी जो तो आपले बैल आणि नांगर घेऊन हजर होतो, दिवसभरात रान उलथून टाकतो आणि संध्याकाळी त्या घरी मटण-भाकरी खाऊन घरी जातो. मजुरी कुणी मागत नाही. मात्र मटणाआधी दारू हवी. तीही साधीसुधी नाही, गोव्याहून घाट चढून कणकुंबीच्या रानातून लपतछपत आलेली काजूची. बायका दुपारभर चुलीपुढं भाजून निघायच्या, भाकऱ्यांची चवड लावायच्या आणि पुरुष बसायच्या आत पोरं घेऊन घरी पळायच्या. नवरे पिऊन काय करतात ते त्यांना बघायचं नसायचं. आम्हीही त्यांना थांबा म्हटलं नाही.

मी सांगतोय ती गोष्ट बत्तीस-तेहतीस सालची. शामू माझा जिवाचा दोस्त. अशाच एका इर्जिकीहून आम्ही दोघं परतलो, मी माझ्या घरात शिरलो, तो पुढं गेला आणि वाटेतल्या विहिरीत पडला. त्याला चार वर्षं झाली होती. त्याची बायको अक्काताई दोन पोरी घेऊन राहत होती. पहिली तीन वर्षं तिचा भाऊ रवळू कणकुंबीहून येऊन नांगरट करून देई. त्या साली त्याचा बैल मेला. शामूचा थोरला भाऊ नागोजी टपूनच होता. रोहिणी नक्षत्र लागायच्या आत रानात धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी, झाली नाही, तर ते रान आपण कसणार, असं त्यानं चार माणसांत बोलून ठेवलं होतं. एकदा त्याचा नांगर तिथं शिरला की परत निघायचा नाही, हे तिला कळत होतं आणि गावालाही.

तर ही बाई स्वतः दारोदार इर्जिक सांगत फिरली. माझ्या दारात आली तेव्हा मी बैलांना पाणी दाखवत होतो.

"भाऊजी, बुधवारी या. मटण हाय. दारू न्हाय."

"वैनी, दारूबिगार कोण येणार? हे काय कीर्तन हाय व्हय?"

"आला तर या. मी सगळ्यांस्नी आधीच सांगून ठेवत्ये," ती म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

मला राग आला. आम्ही काय फक्त दारूसाठी बैल दमवतो? खरं म्हणजे त्यासाठीच दमवत होतो, म्हणून राग आला.

मंगळवारी रवळू कणकुंबीहून कुणाची तरी गाडी मागून घेऊन आला. गाडीत दोन घागरी होत्या. तोंडाला केळीची पानं घालून, फडकी बांधून, वर मेण लावलेल्या. माझं नाक टवकारलं. बाई वरवर नाही म्हणते, आतून सोय केलीय! मी ही बातमी पोटात ठेवणारा माणूस नव्हे. दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं.

बुधवारी सात नांगर आले. नांगरट अशी झाली की काय सांगू! घागरी आंब्याखाली ओल्या वाळूत पुरलेल्या, आणि नांगराचं प्रत्येक तास संपलं की माणसं तिकडं बघून बैल वळवायची. मष्णू बैलांबरोबर हलगीही घेऊन आला होता, तोही हलगी ठेवून नांगराला लागला. दिवस मावळताना ओढ्याकडचा एक पट्टा तेवढा राहिला. पण हात धुतले की इर्जिक संपली, असा रिवाज. दुसऱ्या दिवशी कुणी येत नसतं, कारण दुसऱ्या दिवशी कुणाचं डोकं जागेवर नसतं.

आम्ही खळ्यात पंगत धरून बसलो. अक्काताईनं स्वतः फडकं सोडलं आणि माझ्या वाटीत ओतलं. लाल रंग, वास आंबटगोड. कोकमाचं सरबत!

सगळे माझ्याकडं वळले. मी अक्काताईकडं बघितलं.

"मी कुनाला दारू हाय म्हटलं व्हतं?" तिनं शांतपणे विचारलं. "तुमच्या दारात उभं ऱ्हाऊन न्हाय म्हटलं न्हवं?"

तरी चारजण पटका झटकत उठले. इर्जिकीच्या पंगतीतून माणूस न जेवता उठला की त्या घरी पुन्हा कोणी नांगर आणत नाही. पेरणीलाही कुणी आलं नसतं. हे सगळं माझ्या नाकानं आणि तोंडानं झालं होतं, म्हणून मी उठलेल्यांना म्हणालो, "बसा की रं! मी येक गोष्ट सांगतो."

बसले. मी घसा खाकरला, आणि डोक्यात काहीच येईना. पन्नास इर्जिका हसवलेला मी, कोरड्या तोंडानं ठोंब्यासारखा बसलो. असं माझं कधी झालं नव्हतं.

तेव्हा अक्काताई म्हणाली, "भाऊजी, मी सांगू काय सांगायचं ते? शेवटच्या दिशी तुमी दोघं लई हसत आलतासा म्हणं. कशावर हसत व्हतासा? चार वर्सं झाली, मला ते ऐकायचंय."

मी खूप आठवलं. त्या संध्याकाळचं मला एक अक्षर आठवेना. माझा दोस्त माझ्याशेजारी शेवटचा हसला आणि ते कशावर, ते माझ्याजवळ नव्हतं.

"वैनी, आठवत न्हाय," मी म्हणालो.

"मला ठावं हाय," आतून आवाज आला. माझी बायको मालुबाई! दारू नाही म्हणून बायका त्या दिवशी घरी गेल्याच नव्हत्या, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्या दाराशी पोरं घेऊन उभ्या होत्या. मालू पदर खोचून खळ्यात आली. "मी दारातनं बघत व्हते."

तिनं डावा खांदा पाडला, मान तिरपी केली, आणि आमच्यापुढं शामू उभा राहिला. आमच्या घराजवळ सडकेचा मैलाचा दगड आहे, त्याच्यापुढं तो असा डुलत उभा होता म्हणे. मालूनं त्या दगडाच्या जागी पाण्याच्या हंड्याला कडक सलाम ठोकला.

"फौजदारसायेब, मी प्यालो न्हाय. ह्यो भरमू प्यालाय. ह्येला आत टाका!"

मग तिनं फतकल मारली, हंड्याला मिठी घातली आणि माझ्या आवाजात गळा काढला. "टाका सायेब! आतच टाका! पर घरी न्हेऊ नगा, घरात मालू हाय!"

असं हसू फुटलं की गोठ्यातली वासरं बुजली. उठलेले चारजण कधी खाली बसले, कुणालाच कळलं नाही. मी तर डोळे पुसत हसत होतो. वीस वर्षं नांदलेल्या या बाईत एवढा खेळ भरलाय, हे मला कुठं माहीत होतं? मी तिला कधी पंगतीत बघितलंच नव्हतं.

अक्काताई हसता हसता खांबाला टेकली होती. "सलाम ठोकला त्येनी?"

"दोनदा ठोकला आक्का. दगुड उत्तर देईना म्हणून परत ठोकला."

"त्येंचंच काम ते," अक्काताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं. एवढ्या मायेनं एखादं मेलेलं माणूस परत आणलेलं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

मग मष्णूनं हलगी शेकून घेतली. बायकांनी फुगड्या घातल्या, रवळूनं कणकुंबीच्या अस्वलाची गोष्ट सांगितली, आणि घागरी दोन्ही रिकाम्या झाल्या. पोरं आमच्या मांडीवर झोपली. मीही चार गोष्टी सांगितल्या. दारूशिवाय त्या जरा बऱ्या जमल्या, हे मालूनं वाटेत कबूल केलं.

पहाटे मला आपोआप जाग आली. डोकं हलकं होतं, आणि ओढ्याकडचा तो पट्टा डोळ्यांपुढं होता. मी बैल सोडले. सडकेवर आलो तर पुढं मष्णूची जोडी चाललेली, आणि मागून आणखी दोघं. एकमेकांना कुणी काही विचारलं नाही.

उजाडताना अक्काताई धावत बांधावर आली. "अवं, सगळं संपलंय! घरात चटणी-भाकर पण न्हाय तुमास्नी द्यायला!"

"आमी जेवाय न्हाय आलो वैनी. बाजूला व्हा, बैल येत्यात."

न्याहारीआधी पट्टा संपला. रोहिणी लागायच्या आत तिनं धूळवाफ पेरली. पेरणीचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, तरी आम्ही सगळे गेलो होतो, बायकापोरांसकट.