निकोलाउसची दाढी

चार डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, आई चेरीच्या फांद्या तोडायची. पाण्यात ठेवल्या की त्या नाताळपर्यंत फुलतात. गेल्या वर्षी पहिल्यांदाच तिने कात्री माझ्या हातात दिली आणि शिडीखाली उभी राहून सूचना करू लागली.

"ती नको, तिला कळ्या नाहीत. तिच्या वरची. तुला पुस्तकं सोडून काही नीट धरता येतं का गं?"

"धरलीय ना."

"कात्री धरलीयस. फांदी सुटली."

मी ग्राझला एका ग्रंथालयात काम करते. आल्प्समधल्या आमच्या दरीत मी वर्षातून दोनदा जात असे, दरवेळी चार दिवस. पाचव्या दिवशी आमच्याकडे बोलायला काही उरलं नसतं, हे दोघींनाही माहीत होतं. त्यामुळे पाचवा दिवस कधी येऊच दिला नाही.

फांद्या पाण्यात ठेवून झाल्यावर आई स्वयंपाकघरात रानगुलाबाची फळं चिरत बसली. हातात रबरी मोजे होते. साल एका ताटात, चहासाठी. आतल्या बिया आणि बियांवरची ती बारीक लव मात्र ती लहान चमच्याने खरवडून काचेच्या बरणीत टाकत होती.

"बिया कशाला ठेवतेस?"

"लागतात."

मी पुढे विचारलं नाही. आमच्या घरात एका प्रश्नानंतर दुसरा विचारायची पद्धत नव्हती. निदान माझी तरी नव्हती.

शेगडीजवळ निकोलाउसचा लाल झगा वाळत होता. शेजारी टोपी, आणि मेंढीच्या लोकरीची लांब पांढरी दाढी. पाच तारखेच्या संध्याकाळी संत निकोलाउस घरोघरी जातो, चांगल्या मुलांना अक्रोड आणि संत्री देतो, वाईट मुलांना दटावतो. त्याच्यामागे शिंगं लावलेले, घंटा बांधलेले क्राम्पुस असतात. हे सगळं सामान सांभाळायचं, धुवायचं काम चाळीस वर्षं आईकडे होतं. आणि झग्यात जाणारा माणूसही चाळीस वर्षं एकच होता. लाकडाच्या गिरणीचा मालक, पांक्राझ.

तो चार वाजता सामान न्यायला आला.

"त्सेन्झी, यंदा दाढी धुतलीस ना? गेल्या वर्षी मान सोलून निघाली माझी."

"दोनदा धुतली."

"मग असतं तरी काय हिच्यात?"

"पाप असतं, पांक्राझ. साबणाने जात नाही ते."

तो खो-खो हसला. आईही हसली. मी खिडकीपाशी उभी राहून बाहेर बघत राहिले.

"आणि आमची बुर्गी? शहाणी झाली की नाही अजून?"

"झाले," मी म्हणाले.

तो गेल्यावर आईने त्याचा पेला दोनदा विसळला. रात्री आम्ही बटाट्याचं सूप खाल्लं. ती म्हणाली, उद्या बर्फ पडेल. मी म्हणाले, पडू दे. सकाळी ती उठली नाही.

तिसऱ्या दिवशी तिला माती दिली. त्याच दुपारी पांक्राझने निकोलाउसची पेटी परत आणली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता तू बघ, बुर्गी. हे तुमच्याच घरात राहतं." त्याची मान कॉलरच्या वर लालभडक झाली होती, जागोजागी ओरबाडलेली. वस्तरा लागला असेल, असं मला वाटलं.

आता मागचं सांगायला हवं.

मी आठ वर्षांची होते तेव्हा बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. जंगलात झाड कोसळलं होतं त्यांच्या अंगावर. आमची खोली मोठी, म्हणून शेजारच्या दोन घरांतली मुलंही आमच्याकडेच जमायची. निकोलाउस येऊन बसायचा आणि मोठं सोनेरी पुस्तक उघडायचा. त्यात आमच्या वर्षभराच्या करणीची नोंद असते, आणि ती वर स्वर्गात लिहितात, असं आम्हाला सांगितलेलं होतं. खरं तर ते गुरांच्या रोगांवरचं जुनं पुस्तक होतं, वर सोनेरी कागदाचं वेष्टण. मुलांबद्दलच्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी त्यांच्या आयाच त्यात सरकवतात.

त्या वर्षी तीन मुलं झाल्यावर माझी पाळी आली. निकोलाउसने पुस्तकात पाहिलं आणि भर खोलीत वाचलं, "वाल्बुर्गा. एवढी आठ वर्षांची घोडी आणि अजून अंथरूण ओलं करते. रोज सकाळी आईला चादर धुवावी लागते."

क्राम्पुसांनी साखळ्या खुळखुळवल्या. मुलं हसली, मोठीही हसली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझं नाव चादर. वर्गातून पुढे जाताना कुणीतरी नाक दाबायचंच. अकराव्या वर्षी मी हट्ट करून नन चालवत असलेल्या वसतिगृहात गेले ते याच नावापासून पळून.

तिथेच एका मोठ्या मुलीने मला सांगितलं की निकोलाउस म्हणजे गावातलाच कुणीतरी असतो आणि चिठ्ठ्या आया लिहितात. म्हणजे आईने लिहिलं होतं. मी तिला कधीच विचारलं नाही. तिने कधीच सांगितलं नाही. त्या प्रसंगानंतर आई चादरी दोरीवर वाळत न घालता माळ्यावर घालू लागली, तेव्हा मला वाटलं, तिला माझी लाज वाटते. आणि पुढच्याच वर्षी तिने पाद्रीबाबांच्या घरकामाच्या बाईकडून निकोलाउसचे कपडे धुवायचं काम स्वतः मागून घेतलं होतं, हेही मला वसतिगृहात गेल्यावरच कळलं. म्हणजे ज्याने मला खाली पाहायला लावलं त्याची दाढी ती विंचरणार. तेव्हा मी मनातल्या मनात तिला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

या ऑक्टोबरात मी घर आवरायला गेले आणि पेटी उघडली. पेटी ठेवायच्या फडताळात मागे ती काचेची बरणी होती, तळाशी थोडी करडी भुकटी उरलेली. वर चिकटपट्टीवर आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दाढीसाठी.'

रानगुलाबाची ती लव काय करते ते आमच्याकडच्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. शाळेत आम्ही ती एकमेकांच्या कॉलरमध्ये टाकायचो. दिवसभर खाज जात नाही, आणि धुतलं तर आणखी पसरते.

मी बरणी खाली ठेवली आणि पुस्तक उघडलं. चिठ्ठ्या आत घालतात सगळे, बाहेर कुणी काढत नाही. चाळीस वर्षांच्या आया त्या पानांत बसल्या होत्या. मी एकेक वाचत गेले. माझी चिठ्ठी फऱ्या रोगाच्या प्रकरणात सापडली. आईचं अक्षर, पाठीमागे रोजच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान, ३ डिसेंबर १९७७.

'बुर्गी धाकट्या भावाला रोज वाचून दाखवते. तिला अंधाराची भीती वाटते, तेव्हा क्राम्पुसांना दाराबाहेर ठेवावं ही विनंती. तिला रागावू नये. ती फार विचार करते.'

एवढंच. मी पान उलटून पाहिलं, उजेडासमोर धरून पाहिलं. कागद बघणं हे माझं रोजचं काम आहे. खोडलेलं काही नव्हतं, जोडलेलं काही नव्हतं.

मी सेव्हेरिनला, माझ्या भावाला, फोन केला. तो गावातच राहतो.

"आईचं आणि पांक्राझचं काही होतं का रे?"

"जमीन," तो म्हणाला. "बाबा गेल्यावर त्याला गिरणीचा रस्ता आपल्या कुरणातून न्यायचा होता. आईने नाही म्हटलं. मग त्याने त्या डिसेंबरात तुझं ते वाचलं. चादर काय, त्याला येता-जाता दोरीवर दिसतच होती. तुला माहीत नव्हतं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने. माझ्या लग्नाच्या वेळी."

"मला का नाही सांगितलं तिने?"

तो म्हणाला, "मी तेच विचारलं होतं. म्हणाली, बुर्गीला ठाऊकच असणार. ती एवढी वाचते."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात बसले आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा हसले. चाळीस डिसेंबर. दरवर्षी मोजे घालून, चमच्याने खरवडून, वाळवून, कुटून, विंचरून. आणि समोरासमोर विचारलं तर, दोनदा धुतली. आमच्या घरात तेवढ्या चिवटपणे काम करणारं दुसरं कुणी नव्हतं. मला ते दिसलं नाही. मी वाचत होते.

नोव्हेंबरात पहिला कडाका पडल्यावर मी टोपली घेऊन कुंपणावरच्या रानगुलाबाकडे गेले. आईने एक बरणी भरली असती. मी दोन भरल्या.

चार डिसेंबरला पांक्राझ आला. सत्त्याहत्तर वर्षांचा, पण पाठ अजून ताठ.

"धुतलीस?"

"आईसारखीच."

"मग मेलोच मी," तो म्हणाला आणि हसला.

दाढीपुरतं थांबायचा माझा विचार नव्हता. पुस्तकात सेव्हेरिनच्या मुलीची, व्हेरेनाची चिठ्ठी होती, ती सहा वर्षांची आहे. तिच्यामागे मी माझी ठेवली, त्याला चष्म्याशिवाय दिसेल अशा मोठ्या अक्षरांत. 'शरदात एका विधवेने जमीन दिली नाही. डिसेंबरात एका माणसाने तिच्या मुलीचं अंथरूण चव्हाट्यावर मांडलं. चिठ्ठीत ते नव्हतं. त्याने ते स्वतः घातलं.' आमच्याकडे नियम असा आहे की एकदा झगा चढवला की आतल्या माणसाचं नाव कुणी घ्यायचं नाही. मी त्याला काही म्हणू शकत नव्हते, तो मला उत्तर देऊ शकत नव्हता. पण पुस्तकात असेल ते त्याला वाचावं लागणार होतं. तेही त्याच खोलीत. म्हणून या वर्षी मी सगळ्यांना आईच्या घरी बोलावलं.

सहा वाजता घंटा वाजल्या. क्राम्पुस दाराबाहेरच थांबले, तसं मी आधी सांगून ठेवलं होतं. निकोलाउस आत आला, खुर्चीवर बसला आणि बसताबसताच त्याने दाढीखाली बोट घातलं. व्हेरेनाने प्रार्थना म्हटली. त्याने तिची चिठ्ठी वाचली, दात नीट घासायला सांगितलं, अक्रोड दिले. तोवर त्याने मान तीनदा खाजवली होती.

मग त्याने पान उलटलं.

त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. त्याने शेवटपर्यंत वाचलं. मला ते दिसत होतं. मग त्याने पुस्तक मिटलं.

"आणखी काही नाही," तो म्हणाला.

तो वाचणारच नाही, एवढी एक शक्यता मी धरली नव्हती.

"पण तिथे कागद आहे," व्हेरेना म्हणाली.

"कोरा आहे."

"नाहीये कोरा. मोठ्ठी अक्षरं आहेत. मला दिसली." तिने त्याच्या मानेकडे पाहिलं. "निकोलाउसला उवा झाल्यात का?"

"व्हेरेना," सेव्हेरिन म्हणाला, पण शेजारीण आधीच हसली होती. मागोमाग सगळेच हसले. त्या पांढऱ्या लोकरीच्या कडेला त्याची मान टरारून आली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अजून नऊ घरं बाकी होती त्याची.

मी उठले आणि हात पुढे केला. "द्या इकडे. चष्मा घरी राहिला असेल तुमचा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो म्हातारा होता. अशा वेळी दया येते असं मी खूप ठिकाणी वाचलं आहे. मी शोधली. सापडली नाही. त्याने पुस्तक दिलं.

माझी चिठ्ठी मी तशीच आत राहू दिली. खिशातून आईची काढली, पानावर ठेवली आणि वाचली. सावकाश. रोज भावाला वाचून दाखवते, अंधाराची भीती, क्राम्पुसांना दाराबाहेर, तिला रागावू नये.

"ही कुणाची?" व्हेरेनाने विचारलं.

"माझी," मी म्हणाले, पण तिच्याकडे बघून नाही. "मी अंथरूण ओलं करत होते. ते याच खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. इतकी वर्षं मला वाटत राहिलं, ते माझ्या आईने लिहिलं. माझ्या आईने ते लिहिलं नव्हतं."