तीनदा हिंदकळलेलं दूध

मी शॉकअप बोलतोय, अब्दुल गफ्फारच्या काळ्या-पिवळ्या जीपच्या मागच्या डाव्या चाकाचा. स्प्रिंगच्या पाट्यांनी उसळायचं आणि मी ती उसळी आवरायची, असा आमचा संसार. पण नाव पाट्यांचं होतं; खाली वाकून माझ्याकडे पाहतंय कोण?

अचलपूर ते अमरावती, दहाच्या जागी अठरा माणसं. सात वर्षं सोसलं. शेवटी माझं सील गेलं, पोटातलं तेल गळू लागलं. आणि गंमत पाहा, नेमकी तेव्हाच लोकांनी तारीफ सुरू केली, "गफ्फारभाई, गाडी कशी गादीवानी चालून राहिली!" गफ्फारची मान ताठ. मी मात्र लाजेनं मेलो. गादी कसली, माझा जीव चालला होता.

ओळखलं एकट्या गोदाबाईनं. कपाशीनं लागोपाठ तीन वर्षं दगा दिल्यावर तिनं म्हैस घेतली होती. रोज दुधाची किटली मांडीवर घेऊन ती बरोबर माझ्या वरच्या जागेवर बसायची.

"गफ्फार, पयले खड्ड्यात दूध एकडाव हिंदकळे," ती म्हणाली. "आता तीनदा हिंदकळते. गाडीले दाखवून घे."

"गोदामाय, अठ्ठावीस साल झाले चालवून राहिलो. मले शिकवू नोको."

पण दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर त्याची लेक निखत बसणार होती. नववा महिना भरला होता, अमरावतीच्या दवाखान्यात जायचं होतं. सकाळी गफ्फारनं कोणी पाहत नाही असं बघून गाडीचा मागचा कोपरा दाबला आणि सोडला. धड गाडी एका उसळीत थांबते. ही वर गेली, खाली आली, पुन्हा वर, पुन्हा खाली. तो खाली घुसला, माझ्यावरून बोट फिरवलं. बोट तेलानं माखलं.

निखतला त्यानं गोदाबाईसोबत एसटीत बसवलं. गावादेखत हे करताना त्याला काय वाटलं असेल, ते मला ठाऊक आहे. मग मला बदलायला रिकामी गाडी घेऊन तो मागोमाग निघाला.

वळणावर बैलगाडी आडवी आली. ब्रेक लागला, जीपचं नाक खाली गेलं, माझं चाक रस्ता सोडून उड्या मारू लागलं. मी धरायला पाहिलं, पण अंगात तेलच नव्हतं. जीप घसरत जाऊन डाव्या कुशीनं बाभळीवर आदळली. गफ्फारला नुसतं खरचटलं.

आता मी जीपसकट गॅरेजमागच्या भंगारात आहे. बाप्पाहो, गाडी अचानक गादीवानी वाटू लागली, तर खूश होऊ नका, एकदा वाकून पाहा.

परवा गफ्फार आला होता. नात झाली म्हणे. जीपपाशी उभा राहिला, निखत जिथं बसणार होती तिथं चेपलेल्या पत्र्यातून हात घातला. मनगटापुढे गेला नाही.