नथीचं गाऱ्हाणं

आमच्या ह्यांचा, म्हणजे रामदासांचा आवाज देवाने फुरसतीत घडवलाय. लालबागच्या आमच्या चाळीत लग्न असो नाहीतर नवी गाडी, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला ह्यांनाच बोलावणं. हे मालवणीत देवाशी बोलणार आणि अख्खी चाळ "व्हय म्हाराजा" म्हणणार. त्या मानावरच हा माणूस जगायचा.

मागच्या वर्षी गौरी गेल्या त्या दिवशी शेजारच्या मीनाक्षीवहिनींची सोन्याची नथ गायब झाली. गौरीला घातली होती. वहिनींनी मुखवटा साडीत बांधला आणि माळ्यावर ठेवायला उंच म्हणून ह्यांनाच हाक मारलेली. झालं! चोर ठरला. ह्यांचा फोटो चाळीच्या ग्रुपवर फिरला. पोलिसांनी दिवसभर बसवलं, काही सापडेना म्हणून सोडलं. चाळीने मात्र सोडलं नाही. मी जिन्यात दिसले की बायका मंगळसूत्र पदराखाली घ्यायच्या. मेल्या, मी काय खेचून पळणार होते?

त्यात वहिनींच्या नवऱ्याने, अण्णांनी, स्वतःच गाऱ्हाणं घातलं, ज्याच्याकडे नथ असेल त्याचं वाटोळं होऊ दे. चाळ म्हणाली, व्हय म्हाराजा. सगळ्यात मोठ्याने कोण? आमचे हे! सवयीने! मी कपाळावर हात मारला. लोक म्हणाले, बघा, किती कोडगा. त्यानंतर ह्यांच्या हातात कोणी नारळ दिला नाही. हे घरातसुद्धा हळू बोलायला लागले. ते मला पोलिसांपेक्षा जास्त लागलं.

एकदा बांधलेला मुखवटा पुढच्या गौरीपर्यंत सोडायचा नाही, अशी अण्णांकडची रीत. यंदा सोडला, तर आत गौर नथ घालून हसतेय! गडबडीत वहिनी काढायलाच विसरल्या होत्या. मी इतकी हसले, की हसता हसता रडू फुटलं.

अण्णांची मात्र पाचावर धारण बसली. नथ गौरीकडे, म्हणजे वाटोळं कोणाचं मागितलं? ते नारळ घेऊन धावत आमच्या दारात आले. रामदास, माझं गाऱ्हाणं तूच फिरव रे बाबा, म्हणाले. मी ह्यांना आत ओढून बजावलं, एकेकाचं नाव घेऊन घाला.

गॅलरीत सगळी चाळ माना खाली घालून उभी. ह्यांनी नारळ ठेवला. वर्षाने तो आवाज सुटला.

"बा देवा म्हाराजा, गेल्या साली ह्या लेकरांनी बघल्याशिवाय एका माणसाक चोर ठरवल्यानी. तेंची चूक झाली, ती पोटात घाल. आनि फुडे कोनाचा नाव घेवच्या आधी तेंका माळ्यार बघूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," कोणीतरी पुटपुटलं.

हे थांबले. सगळ्यांकडे बघून म्हणाले, "मोठ्यान म्हणा. गेल्या साली म्हटलास, तसाच."

मग मात्र चाळ दणाणली. अण्णा तर रडत ओरडत होते. मी तेवढी गप्प उभी राहिले. गेल्या वर्षीसुद्धा मी म्हटलं नव्हतं.