दोन्ही बाजूंनी सारखं पोट

माझ्या नवऱ्याने माझ्या भावाच्या थोबाडीत पहिल्यांदा दिली ती एका मांजरीच्या पोटावरून. लोकांच्या घरात जमिनीवरून, दारूवरून डोकी फुटतात. आमच्याकडे एक मांजर पुरेशी झाली.

मांजर भावाची. तो आमच्याकडे राहायला आला तेव्हा एक पेटी आणि ही मूठभर मांजर एवढाच त्याचा संसार होता. तिचं नाव त्याने बारकी ठेवलं होतं. पुढे नवऱ्याचं मटणाचं दुकान आणि मागे आमच्या दोन खोल्या. भाऊ दुकानात मांसापासून हाडं सोडवायचं काम करायचा. त्याचा हात इतका साफ की हाडाला मांसाचा धागा राहायचा नाही. गिऱ्हाइकं यायची आणि नवरा समोर उभा असताना विचारायची, तुमचा मेहुणा कुठे आहे. हे नवऱ्याच्या पचनी पडत नव्हतं.

नवऱ्याची शेखी वेगळी होती. बाजारात शेळी घेताना तो तिच्या पोटाखाली हात घालायचा आणि ती गाभण आहे की नाही ते सांगायचा. गाभण जनावरावर त्याने कधी सुरी चालवली नाही, आणि हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही. माझा हात चुकत नाही, हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

अशात दुकानातली कलेजी गायब व्हायला लागली. आणि नेमक्या त्याच सुमाराला बारकी काही बारकी राहिली नाही.

मला पहिली शंका आली ती तिचं रडणं थांबलं तेव्हा. एरवी ही बया माजावर आली की गच्चीत गळा काढून अख्खी गल्ली जागी ठेवायची. ते बंद झालं. मग एका सकाळी ती नवऱ्याच्या चपलेत ओकली, आणि मला बरं वाटलं हे मी लपवत नाही. पुढे एकदा उन्हात आडवी पडलेली असताना दिसलं, तिची थानं गुलाबी आणि टपोरी झाली होती, भोवतालचे केस विरळ झाले होते. जिथे झेप घ्यायची तिथे आता थांबून विचार करायची. कपाट उघडं दिसलं की आत शिरून कपडे उकरायची, पटलं नाही की दुसऱ्या कप्प्यात. माझ्या मांडीवर येऊन लोळायची, पण पोटाकडे हात गेला की गुरगुरायची. एवढं पाहिल्यावर वेगळं कोणी सांगायची गरज नव्हती.

मी नवऱ्याला म्हटलं, अहो, मांजर गाभण आहे.

तो बारकीच्या मागे उकिडवा बसला. बाजारात शेळीला बघतो तसं एक डोळा बारीक करून तिला बघितलं.

"गाभण जनावराचं पोट उजवीकडे उतरतं," तो म्हणाला. "हिचं दोन्ही बाजूंनी सारखं आहे. ही चरबी आहे. माझ्या कलेजीची."

मी म्हटलं, ते शेळीचं झालं, ही मांजर आहे. त्यावर त्याने विचारलं, जनावरातलं आता तू मला शिकवणार का. सासूबाई गल्ल्यामागच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्याही म्हणाल्या, बघा की, मांजरीचं पोटच सांगतंय सगळं.

मग ती पहिली थोबाडीत बसली. भाऊ एवढंच म्हणाला की दाजी, मी नाही घेतली, आणि ओठाचं रक्त बाहीला पुसून पुन्हा हाडांवर वाकला. त्या शांतपणाने नवरा आणखी पिसाळला. त्यानंतर कलेजी कमी दिसली की भावाला मार ठरलेला. कधी बुटाने, कधी पट्ट्याने, एकदा तर मटण टांगायच्या लोखंडी सळईने. सळईच्या वेळी मी मध्ये पडले. कोपर माझ्या जबड्यात बसलं आणि दाढ हलली. सासूबाईंनी दुकानाचा पडदा ओढून घेतला, बाहेरून दिसायला नको म्हणून.

मी भावाला म्हटलं, जा बाबा कुठेही, इथे जिवानिशी जाशील. तो भिंतीला टेकून बसला होता, बारकी त्याच्या पायाशी.

"ताई, हिला या अवस्थेत कुठे घेऊन फिरू? बाळंत होऊ दे, मग जातो."

तेवढी सवड त्याला मिळाली नाही. एका सकाळी कलेजीचं ताट पुन्हा रिकामं दिसलं. नवऱ्याने शटर अर्ध्यावर ओढलं. भावाचं मनगट धरलं, हात ठोकळ्यावर आपटला आणि सत्तूर उलटा करून बोटांवर घातला. एकदा आणि मग पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज त्या दुकानात रोजचाच, तरी हा मला वेगळा ऐकू आला. भाऊ हात पोटाशी धरून खाली बसला.

नवरा आत गेला आणि कपाटातून बारकीला मानगुटीला धरून घेऊन आला. तिला ठोकळ्यावर दाबलं. सत्तूर सुलटा केला.

"आता बघू या आत कोणाची कलेजी आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. सत्तूर खाली पडला. मग त्याचा तोच हात दोन्ही हातांनी धरून मी बारकीच्या पोटावर दाबला.

"लाव हात. तुझा हात चुकत नाही ना? मग लाव."

लग्न झाल्यापासून अहो-जाहो करत आले होते. त्या दिवशी ते सुटलं ते सुटलंच.

बारकीने त्याचा हात कोपरापर्यंत ओरबाडून काढला. पण त्याने तो उचलला नाही, कारण तोपर्यंत आत काहीतरी वळलं होतं. मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पुन्हा वळलं तेव्हा चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"गाभण आहे," तो म्हणाला.

तेव्हा कुठे सासूबाईंना कंठ फुटला. म्हणाल्या, कलेजी मी नेत होते, थोरल्या लेकाकडे, त्याच्या बायकोला अशक्तपणा आलाय. गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. इतके दिवस समोर बसून त्यांनी माझ्या भावाचा मार बघितला होता.

मी नवऱ्याकडे बघितलं. आता तरी हा भावाकडे वळेल असं वाटलं. तो वळला मांजरीकडे. तिच्यापुढे गुडघे टेकले, हात जोडले, आणि म्हणाला, माफ कर ग बाई, माझ्या हातून केवढं पाप होणार होतं. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मग मांजरीसाठी दूध आणायला उठला. वाटेत माझा भाऊ बसला होता. मोडलेला हात शर्टात गुंडाळलेला, बोटं भलतीकडे वळलेली. नवरा त्याचे पाय ओलांडून गेला.

मी सत्तूर उचलला. नवरा परत येईल तेव्हा कुठे घालायचा ते माझं ठरलं होतं.

भाऊ म्हणाला, "ताई, आधी मांजर घे."

म्हणून मी सत्तूर टाकला आणि मांजर घेतली. शटरखालून वाकून आम्ही तिघं बाहेर पडलो ते थेट दवाखान्यात, आणि तिथून एका भाड्याच्या खोलीत. बारकी तिथेच भावाच्या पेटीत व्याली. डॉक्टरांनी भावाची बोटं जोडली, पण दोन काही वळत नाहीत. सुरी धरायची त्याच हाताची.

नवरा आला एका दुपारी. एका हातात कागदाची पुडी, दुसरा हात दाराच्या चौकटीवर. मी त्याला आत ये म्हटलं नाही. माझ्या मागे भाऊ पेटीशी बसला होता, अजून प्लास्टरमध्ये असलेला हात मांडीवर ठेवून. नवऱ्याची नजर त्या हातावरून गेली आणि पेटीत जाऊन थांबली.

"मांजर व्याली?"

"व्याली."

"पिल्लं धड आहेत ना?"

"आहेत."

तिसऱ्या प्रश्नाची मी वाट बघितली. त्याला भरपूर वेळ दिला. बाहेर कोणाची तरी सायकल गेली, तिची घंटा लांबपर्यंत ऐकू आली, तरी मी दारात उभीच होते.

त्याने पुडी पुढे केली. म्हणाला, कलेजी आहे, तिला लागेल, आता अंगावर पाजतेय.

मी पुडी घेतली, कारण बारकी खरंच अंगावर पाजत होती. मग जोर लावून दार लोटलं. त्याची बोटं अजून चौकटीवरच होती. मला दिसत होती.