सावित्रीच्या पडवीतला बूस्टर

काशिनाथाने छपरावर जाळीची मोठी छत्री बसवली, तेव्हा कट्टा गावच्या बाजारात त्याचं चांगलंच हसं झालं. डोंगराआडच्या त्या वाडीत टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायच्या. मुंबईहून हौसेने आणलेले संच घरोघरी भरतकामाचे रुमाल पांघरून गप्प बसले होते. पण छत्रीने थेट उपग्रहाकडून दिल्लीचं चित्र उतरवलं, आणि हसणारे सगळे रविवारी सकाळी मालिका बघायला काशिनाथाच्या माजघरात येऊन बसले.

त्याच्या बायकोला, आनंदीला, त्यातलं काहीच बघायला मिळेना. ती आपली चुलीपुढे, चहाचं आधण ठेवत. एका रविवारी वाडीच्या टोकाच्या बाबूने, नजर टीव्हीवर ठेवून चालताना, आंबोळ्यांच्या पिठाच्या टोपात पाय घातला. आनंदीने डाव आपटला.

"पुरे झाला! चित्र न्हेवा त्यांच्या घराक. माणसां नको माझ्या घरात!"

काशिनाथाला ते पटलं. कुडाळचा रेडिओ दुरुस्त करणारा गुरुदास आला. त्याने माडांना बांधत एकच केबल वाडीभर नेली आणि प्रत्येक घराला त्यातून फाटा काढून दिला. पहिल्या दोन घरांत चित्र लख्ख आलं. तिसऱ्यापासून पुन्हा मुंग्या.

"जो तो आपला वाटा काढून घेता, पुढच्यांक काय उरतला?" गुरुदास म्हणाला. "मधे जोर वाढवूक बूस्टर लावूक व्हयो. त्येका वीज व्हयी."

मधे घर होतं सावित्रीचं. आनंदीच्या गायीने तिची पडवळं खाल्ल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं. आनंदीने गुरुदासालाच विचारायला धाडलं. सावित्रीने पडवीत जागा दिली. बूस्टर लागला आणि शेवटच्या घरापर्यंत चित्र लख्ख झालं.

रविवार उजाडला. रिकाम्या माजघरात आनंदी पहिल्यांदाच चहाचा कप घेऊन ऐसपैस बसली. एवढ्यात दारापुढच्या खळ्यात पावलं वाजली. बाबू, त्याची आई, त्यांच्यामागे अर्धी वाडी.

"आमचा चित्र गेला!"

काशिनाथाच्या टीव्हीवर मात्र सगळं ठीक होतं. म्हणजे खोट पुढेच. आनंदीने पदर खोचला आणि तरातरा सावित्रीचं घर गाठलं. सावित्री पडवीत शांतपणे तांदूळ निवडत होती. भिंतीवर बूस्टरचं बटण बंद.

"बंद कित्या केलंस गो?"

"माझी वीज, माझी पडवी," सावित्री मान वर न करता म्हणाली. "विचारूक तू ईलंस नाय. मेकॅनिकाक धाडलंस."

खरंच होतं ते. आनंदी पायरीवर टेकली.

"चुकला माझा. आणि ती गाय आमी कधीच इकलंव गो."

सावित्रीने सूप खाली ठेवलं. "इकलंस? मगे माका सांगूक नको?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि एकदम हसत सुटल्या. सावित्रीने उठून बटण दाबलं. पलीकडच्या घरांत मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी "ईला, ईला!" असा गलका केला. काशिनाथाच्या माजघरात जमलेली मंडळी परत आपापल्या घरी पळाली.

"चाय घेतंस?" सावित्रीने विचारलं आणि मुलाने धाडलेल्या टीव्हीवरचा रुमाल ओढून काढला.

आनंदी भिंतीला टेकून, पाय पसरून, शेवटपर्यंत सगळं बघत बसली. मधे काशिनाथ दारात येऊन विचारून गेला, साखरेचा डबा खंय आसा. तिने मान न वळवता सांगितलं, "शोधा!"