कस्तुरासाठीचं पहिलं गाणं

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. माझ्या अंगावर बारा प्रेमगीतं आहेत, पण ज्या एका गाण्यासाठी माझा जन्म झाला, ते आज कुणालाच ऐकू येत नाही.

पिंपळे गुरवचे भीमराज पिंपरीच्या कारखान्यात कामाला होते आणि आयुष्यभर जलशात स्वतः रचलेली गाणी गायचे. तरुणपणी देहूरोडला साहेबांच्या क्लबात बेअरा असताना त्यांच्या कानावर जॅझ पडला होता. म्हातारपणी ती जुनी परदेशी प्रेमगीतं त्यांनी मराठी शब्दांत बांधली आणि व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन असा मोठा ताफा जमवून ती गायली. अशी मी जन्माला आले, एकुलती एक प्रत. पहिलं गाणं होतं त्यांच्या बायकोसाठी, कस्तुरासाठी. उभ्या संसारात ते तिच्याशी एक गोड शब्द बोलले नव्हते.

"तोंडानं जमलं न्हाई. आता ही सांगंल," असं ते वादकांना म्हणाले. माझी छाती केवढी फुगली!

घरात वाजवायचं यंत्र नव्हतं, म्हणून जयंतीच्या मांडवात मला लावायचं ठरलं. कस्तुरा नवं लुगडं नेसून पुढे बसली. कर्णेवाल्या ज्योतीरामचं यंत्र जुन्या जाड तबकड्यांचं होतं. भराभर फिरणारं, पोलादी सुईचं. भीमराजांना त्यातलं काही कळत नव्हतं.

"तबकडी ती तबकडी, भाऊ. चालतंय," म्हणत ज्योतीरामने मला चढवलं.

सुई माझ्या नाजूक रेषा खरवडत धावली. भीमराजांचा भारदस्त आवाज चिमणीसारखा चिवचिवला. सगळा मांडव खो खो हसत सुटला. "भीमराजभाऊ, आपलं जुनंच म्हणा राव!" पदर तोंडाला लावून कस्तुराही हसली. ते त्यांनी पाहिलं. गाणं संपताच त्यांनी मला उचललं, घरी नेऊन ट्रंकेच्या तळाशी घातलं आणि पुन्हा कधी माझं नाव काढलं नाही. त्या मांडवाचा मला अजून राग येतो.

ते वारल्यावर मुलगा किसन माझ्याजोगं यंत्र घेऊन आला. कस्तुरा कान देऊन बसली. पहिल्या गाण्याच्या जागी नुसती खरखर.

"आई, पुढची चांगली असतील. दुसरं लावू?"

"दुसरं नगं. त्यांना म्हणावं, माझं तेवढं पुन्यांदा म्हणा. आता न्हाई हसणार."

मित्रांनो, तबकडी लावण्याआधी सुई बघा, वेग बघा. आणि कुणी आपल्या माणसाला काही सांगू पाहत असेल, तर घटकाभर हसू आवरा. कस्तुरा अजून रोज मला लावायला सांगते, आणि मी तिला रोज खरखर ऐकवते.